टाकीवरचा खांब पाडल्याबाबत आणि मिटवामिटवी मान्य नसल्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, हिमायतनगर, जि. नांदेड.

अर्जदार : सौ. ज्योत्स्ना नरसिंग गजभारे, रा. गजभारे आखाडा, मौजे पांगरदरा.

विषय : माझ्या मुलीच्या वाचा-उपचारासाठी लावलेला मोबाईल हॉटस्पॉटचा खांब पाडणारे उपसरपंच श्री. सुदर्शन सटवाजी पवळे यांच्यावर कडक कारवाई होणेबाबत.

संदर्भ : १) माझा सप्टेंबरमधील अर्ज.
२) “प्रकरण आपसात मिटले आहे” असे आपणास कळवणारे ग्रामपंचायत पांगरदरा यांचे पत्र.

महोदय,

१. प्रकरण मिटलेले नाही. संदर्भ दोनमधील पत्रावर माझे पती श्री. नरसिंग गजभारे यांची सही आहे आणि ती त्यांचीच आहे, हे मी नाकारत नाही. त्यांना ग्रामपंचायतीत बोलावून चहा पाजण्यात आला, याच गावात राहायचे आहे याची आठवण करून देण्यात आली आणि त्यांनी सही केली. ते शांत स्वभावाचे गृहस्थ आहेत. परंतु अर्ज त्यांनी केला नव्हता, मी केला होता. जो त्यांनी केलाच नाही तो त्यांना मागे घेता येत नाही. घरी आल्यावर ते मला म्हणाले, “दे सोडून. रोज त्याचं तोंड बघायचं हाय आपल्याला.” मी म्हणाले, म्हणूनच सोडणार नाही. तेव्हापासून आमच्या दोघांत कामापुरतेच बोलणे आहे. हेही उपसरपंचांच्याच नावे लिहून घ्यावे.

२. माझी मुलगी लुंबिनी सहा वर्षांची असून जन्मतः बहिरी आहे. “जन्मतः” हा शब्द कृपया लक्षात ठेवावा, पुढे त्याचेच भांडण आहे. दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून तिच्या कानामागे यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. आम्हाला वाटले होते की यंत्र बसले म्हणजे मूल बोलू लागेल. तसे होत नाही. यंत्रातून आवाज आत जातो, पण कोणता आवाज कशाचा हे मुलाला एकेक करून शिकवावे लागते, आणि शिकवणाऱ्याचे तोंड त्याला नीट दिसावे लागते. हे काम लातूरच्या शिवगंगा मॅडम करतात. हिमायतनगरच्या पलीकडून दर आठवड्याला मुलीला घेऊन लातूर गाठणे शेतकरी बाईला जमत नाही. सोयाबीन आणि म्हैस दोन्ही घरी सोडून जावे लागते. म्हणून मॅडम कॉम्प्युटरवरून शिकवायला तयार झाल्या. माझ्या मावसभावाने, आदर्शने, त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. पडदा मोठा असल्याने मॅडमचे ओठ भाकरीएवढे दिसतात.

३. अडचण रेंजची होती. आमचा आखाडा, म्हणजे शेतातले घर, दऱ्यात आहे. तिथे फोन लागत नाही. रेंज गावाच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी येते. सुरुवातीला मी मुलीला टाकीखाली बसवून फोनवर शिकवून पाहिले. हापशाचा खडखडाट, शेळ्या, वारा आणि भोंग्यावरची गाणी, सगळे तिच्या यंत्रात एकदम शिरायचे. ती यंत्र ओढून काढायची आणि फेकायची. एकदा ते गटारीत गेले. मॅडम म्हणाल्या, घरात शांत जागी बसवा, नाहीतर ही मुलगी आवाजाचाच राग धरील.

४. तेव्हा लातुरात केबलचे काम करणारा आदर्श दोन दिवसांची रजा टाकून आला. त्याने केलेली मांडणी आपल्या माहितीसाठी थोडक्यात देते, कारण पुढे तिच्यावर फार आरोप झाले. टाकीच्या कठड्याला एक लोखंडी खांब. त्यावर भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात माझा जुना फोन, हॉटस्पॉट चालू ठेवलेला. हॉटस्पॉट काही पावलांपलीकडे जात नाही, म्हणून शेजारी एक लहान राउटर, जो तो हॉटस्पॉट पकडून पुढे देतो. त्याला जोडलेली एक पांढरी डिश, तिचे तोंड आमच्या आखाड्याकडे. तशीच दुसरी डिश आमच्या पत्र्यावर, टाकीकडे तोंड करून. तिथून वायर थेट कॉम्प्युटरला. वीज मोटारीच्या खोलीतून घेतली. या सगळ्याला ग्रामसभेच्या ठरावाने रीतसर परवानगी होती आणि ती आजतागायत रद्द झालेली नाही. आदर्श टाकीवर, मी पत्र्यावर, आणि आमच्यामधल्या बांधावर नरसिंग उभे राहून दोघांचे ओरडणे इकडचे तिकडे पोचवत होते. दोन्ही डिशची तोंडे जुळली आणि घरातल्या पडद्यावर मॅडम उमटल्या. लुंबिनीने पडद्यामागे जाऊन पाहिले.

५. त्यानंतरचे चार-पाच महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते. लुंबिनीचा पहिला स्पष्ट शब्द “न्हाई” हा होता आणि तो तिने मॅडमलाच ऐकवला. मॅडम “नाही” म्हणायला शिकवत होत्या. पण घरात ऐकलेलेच तिने उचलले. मॅडमनी सुधारायला घेतले आणि मग सोडून दिले. त्या म्हणाल्या, असू द्या, तुमच्या गावचंच आहे. मग म्हैस, भाकर, बाबा आले. स्वतःचे नाव तिला अजून जमत नाही. उंबी म्हणते.

६. आमच्याकडे नेट आले हे कळल्यावर बचत गटाच्या बायका आणि कॉलेजची पोरे आखाड्यावर येऊ लागली. कुणाचा फॉर्म, कुणाचा निकाल, कुणाला नुसते पुण्याला दिलेल्या लेकीचे तोंड बघायचे. शिकवण्याची वेळ सोडून मी कुणाला अडवले नाही. गावात श्री. सुदर्शन पवळे यांचे ऑनलाइन सेवा केंद्र आहे. तिथली गर्दी कमी झाली, हे खरे. पण मी गर्दी कमी करण्यासाठी खांब लावला नव्हता.

७. उपसरपंच स्वतः आखाड्यावर आले. चहा घेतला. म्हणाले, “वैनी, चांगलं काम करून राहिलाव. पण गावात नेट वाटायचं तर एका जागेवरून वाटावं. पासवर्ड माझ्यापाशी द्या. लोकायला म्या देतो, माझ्या दुकानातून.” मी म्हणाले, माझा फोन, माझ्या मुलीसाठी लावलेला, त्याचा पासवर्ड तुमच्या दुकानात का म्हणून? ते म्हणाले, “टाकी गावाची हाय ना पण.” मी म्हणाले, ठराव पण गावाचाच हाय. ते हसले आणि उठले. त्यांनी चहाचा कप पालथा घालून ठेवला. आमच्याकडे पाहुणा असे करत नाही.

८. त्यानंतर गावात किरणांची बातमी उठली. टाकीवरच्या डब्यातून किरण निघतात, ते पाण्यात उतरतात, त्याने कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या, सोयाबीनला शेंग धरेना, असे सांगितले जाऊ लागले. सरजाबाई नावाच्या म्हातारीने आपली कोंबडी बगलेत धरून आखाड्यावर आणली आणि मला दाखवून विचारले, “हिला काय करून राहिलीस तू?” मी कोंबडी ठेवून घेतली. ती चार दिवस आमच्या डिशच्या खाली पत्र्याच्या सावलीला राहिली, अंडी देऊ लागली आणि मी ती अंड्यांसह परत केली. सरजाबाईचे समाधान झाले. बाकी गावाचे झाले नाही, कारण बाकी गावाने कोंबडी पाहिली नव्हती, उपसरपंचांचे भाषण ऐकले होते.

९. ते भाषण ऑगस्टमधल्या ग्रामसभेत झाले. मी लुंबिनीला घेऊन गेले होते, कारण ठरावाची आठवण द्यायची होती. श्री. पवळे यांनी माइक हातात घेतला आणि किरणांवर बोलता बोलता माझ्या मुलीकडे बोट केले. त्यांचे शब्द मी जसेच्या तसे लिहिते : “कशाला लांब जाता? ह्या पोरीकडं बघा. कानाजवळ ती मशीन, डोक्यावर तो डबा. त्या किरणानंच तर बहिरी झाली ही. उद्या तुमची व्हतील.” सगळे लोक वळून तिच्याकडे पाहू लागले. शेजारच्या बाईने आपले तान्हे पदराखाली घेतले. लुंबिनीला फक्त एवढे दिसले की माइक धरलेला मोठा माणूस आपल्याकडे बोट करून बोलतो आहे आणि सगळे आपल्याकडे बघताहेत. घरी मॅडम तिच्याकडे बोट करतात तेव्हा तिने काहीतरी छान म्हटलेले असते. म्हणून ती उभी राहिली आणि हसली. तिने त्यांना हात केला.

मी त्याच वेळी उठून बोलायला हवे होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हा अर्ज त्या न फुटलेल्या शब्दांचा आहे, असे समजावे.

१०. ग्रामसभेत खांब काढण्याचा ठराव झाला नाही. लोक आपसात भांडत बसले आणि सभा उठली. त्यानंतर आठवडाभरात, दिवसाढवळ्या, शिकवणे चालू असताना खांब पाडण्यात आला. आम्ही घरी होतो. मॅडम ओठांचा चंबू करून एक आवाज दाखवत होत्या आणि तसाच त्यांचा चेहरा पडद्यावर थिजला. मला कळले की नेट गेले. लुंबिनीला कळले नाही. तिला वाटले, मॅडम वाट बघताहेत. तिने तसाच चंबू केला आणि मॅडमसारखी स्तब्ध बसून राहिली. पुढे काय होते याची वाट बघत. मी तिच्या खांद्याला हात लावला तरी ती वळेना. मी कॉम्प्युटर बंद केला तेव्हा ती मला मारू लागली. तिला वाटले, मी मॅडमना घालवले.

११. मी टाकीवर गेले. कठड्याला खांबाचा बुडखा होता, बाकी काही नव्हते. पाणी सोडणारा कर्मचारी सोमेश तिथेच होता. त्याला विचारले. तो म्हणाला, “म्या काय पाहिलं न्हाई वैनी. शिडी तेवढी दिली.” कुणाला दिली, असे विचारल्यावर तो व्हॉल्व्ह बंद करायला निघून गेला. श्री. पवळे यांना विचारले. ते म्हणाले, “सुटला असंल वाऱ्यानं.” त्या दिवशी वारा नव्हता. आणि वारा फोन, राउटर आणि डिश उचलून नेत नाही.

१२. नेलेल्या वस्तू कुठे आहेत ते मला श्रीमती तुळजाबाई सटवाजी पवळे यांनी सांगितले. या उपसरपंचांच्या मातोश्री. त्यांचे शेत आमच्या बांधाला बांध आहे. वयामुळे त्यांना ऐकू येत नाही. घरात त्यांच्याशी फारसे कुणी बोलत नाही, कारण ओरडावे लागते. त्या आमच्याकडे येऊन शिकवण्याच्या वेळी मागे बसत. लुंबिनी आणि त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलत. काय बोलत ते मला कधी कळले नाही, पण दोघी हसत. खांब पडल्यावर त्या नेहमीप्रमाणे आल्या आणि लुंबिनीला कोपऱ्यात बसलेली पाहून मला म्हणाल्या, “तुझं सामान माझ्या गोठ्यात हाय. सुदर्शननं आणलं फटफटीवर. म्या त्याला इचारलं तर म्हणाला, भंगार हाय.” मी त्यांच्याबरोबर गेले. डिश कडब्यात पालथी पडली होती, वाकलेली. फोनची काच फुटलेली होती. त्या वस्तू मी उचलून आणल्या. उपसरपंच दारात उभे होते. त्यांच्या आईने मान वर करून बघितलेही नाही, सरळ चालत राहिल्या.

१३. त्यानंतर दोन महिने शिकवणे बंद होते. या दोन महिन्यांत लुंबिनीने “भाकर” हा शब्द गमावला. आता नुसता हात पुढे करते. मॅडमनी मला आधीच सांगितले होते की या वयात थांबलेले पुन्हा सुरू करताना मागून सुरू करावे लागते. दिवाळीआधी मी तिला घेऊन लातूरला गेले. मॅडमना प्रत्यक्ष पाहून ती घाबरली. तिला त्या पडद्याएवढ्याच माहीत होत्या.

१४. आता सद्यस्थिती. तुळजाबाई एक दिवस मला म्हणाल्या, “टाकी गावाची हाय. माझं घर माझं हाय. माझ्या स्लॅबवर लाव.” पवळे यांचे घर दुमजली असून गावात सर्वांत उंच आहे. ते सटवाजी पवळे यांनी बांधले आणि त्यांच्यामागे तुळजाबाईंच्या नावावर आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यांनी संमतीपत्रावर अंगठा दिला आहे. आदर्श पुन्हा आला. या वेळी त्याने फोन नवा, डिश नवी आणि खांब जाड आणला. उपसरपंच नांदेडला गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर, त्यांच्या स्वतःच्या निवडणुकीच्या वेळच्या झेंड्याच्या नळीला लागून, माझा हॉटस्पॉट उभा होता. रेंज टाकीपेक्षा चांगली मिळते. शिकवणे सुरू झाले आहे.

मला याचा आनंद झाला आणि तो अजून टिकून आहे. रोज सकाळी ते दात घासायला गच्चीवर येत असत. आता अंगणात घासतात. मी शेतातून बघते.

१५. परंतु ते खालच्या बोर्डावरून गच्चीची वीज बंद करतात. आई झोपली की बंद करतात. तुळजाबाईंना बटणाचा आवाज ऐकू येत नाही. त्यांनी आता बोर्डाखाली बाज टाकली आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईने मुलापासून बटण राखत बसावे, ही गोष्ट पंचायत राज व्यवस्थेला शोभत नाही. मागच्या आठवड्यात श्री. पवळे आखाड्यावर आले, आधी माझ्या पतींना बाजूला घेऊन आणि नंतर मला म्हणाले, “वैनी, झालं ते झालं. अर्ज मागं घ्या. टाकीवर म्या सोता लावून देतो, नवा खांब. माझ्या घरावरलं तेवढं काढा. लोक हसून राहिलेत.” मी म्हणाले, हसू द्या. माझ्या लेकीकडे बघत होते तेव्हा तुम्हाला चालले.

१६. काही लोकांनी मला सुचवले की वेगळ्या कायद्याखाली, जातीचे नाव घालून तक्रार कर, म्हणजे हा लवकर आत जाईल. श्री. पवळे यांनी मला किंवा माझ्या मुलीला जातीवरून एक शब्दही उच्चारलेला नाही. जे घडले नाही ते मी लिहिणार नाही. जे घडले तेवढेच त्यांना पुरेसे व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

१७. तरी माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत आणि यातली एकही कमी करण्यास मी तयार नाही.

(अ) श्री. सुदर्शन सटवाजी पवळे यांना उपसरपंच पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवावा. गावाची मालमत्ता राखण्यासाठी निवडलेल्या माणसाने गावाच्या टाकीवर चढून ठरावाने लावलेली वस्तू पाडली आहे.

(ब) तुळजाबाईंच्या घरावरील खांबाला व त्याच्या वीजजोडणीला हात लावू नये, अशी त्यांना लेखी समज द्यावी. टाकीवर नवा खांब मला नको. मला त्यांच्याच गच्चीवर हवा आहे.

(क) प्रकरण मिटल्याचे पत्र रद्द करावे, आणि यापुढे या विषयात माझ्या पतींना चहाला बोलावू नये.

(ड) श्री. पवळे यांनी पुढच्या ग्रामसभेत, त्याच माइकवर, “ही मुलगी जन्मतः बहिरी आहे, मी खोटे बोललो” असे सांगावे. कागदावर लिहून दिलेले चालणार नाही. लोकांकडे बघून सांगितलेलेही चालणार नाही. लुंबिनीसमोर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, खाली बसून सांगावे. सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगावे. त्या वेळी पंखा व भोंगा बंद ठेवावा, कारण यंत्रात त्याची घरघर भरते. आणि त्यांच्या मिशा वरच्या ओठावर आल्या आहेत. तिला ओठ दिसल्याशिवाय शब्द कळत नाही. तरी सभेपूर्वी त्यांनी मिशा कापून यावे, असे आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत. ही मागणी मी रागाने लिहीत असले तरी तिला वैद्यकीय आधार आहे. शिवगंगा मॅडमचे पत्र सोबत जोडले आहे. त्यात मिशांचा उल्लेख सर्वसाधारण आहे, श्री. पवळे यांचे नाव नाही.

१८. मॅडम मला म्हणाल्या, ज्योत्स्नाताई, एवढा राग धरू नका, मुलीला घरातला राग कळतो. त्यांचे बरोबर असेल. नरसिंग म्हणतात, त्याने मान खाली घातली की बस. तुळजाबाई बोर्डाखालून बाज हलवत नाहीत. आणि लुंबिनीचे विचाराल तर ती उपसरपंच दिसले की अजूनही हात करते. त्यांनी समोर बसून चार शब्द नीट सांगितले तर ती त्यांच्या गालाला हात लावेल आणि विसरून जाईल. लहान मुले विसरतात.

मी विसरणार नाही, याची आपल्या कार्यालयाने नोंद घ्यावी.

फक्त आपल्याशीच नम्र,

(सही)
ज्योत्स्ना नरसिंग गजभारे
मौजे पांगरदरा, ता. हिमायतनगर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, शस्त्रक्रियेचे कागद (जन्मतः बहिरेपणाच्या नोंदीसह), शिवगंगा मॅडमचे पत्र, तुळजाबाई पवळे यांचे संमतीपत्र, वाकलेल्या डिशचे दोन फोटो. डिश मी स्वतः सुनावणीला घेऊन येईन.